ओझे कोणाच्या माथ्यावर?

मनुष्याच्या नीतीची परीक्षा मोठ्या प्रसंगी होते, असा सर्वसाधारण समज आहे. दुष्काळ, महामारी, कोर्टकचेरी अशा प्रसंगी कोण खरे वागला व कोण खोटे वागला, हे लोक पुष्कळ दिवस ध्यानात ठेवतात. परंतु आम्हांस असे वाटते की, जी कामे आपण नित्य करतो आणि ज्यांकडे कोणी फारसे पाहत नाही, त्यांत मनुष्याचा स्वभाव अधिक स्पष्ट दिसून येतो. घरात निजावयास चांगली जागा कोणास मिळते, शेवटची भाकर कोणाच्या ताटात पडते, आणि अंगणातले ओझे कोण वाहतो, ह्या तीन गोष्टी पाहिल्या म्हणजे त्या घराविषयी दुसऱ्या कोणास विचारावे लागत नाही. ह्यांपैकी तिसऱ्या गोष्टीविषयी आज चार शब्द लिहिण्याचे आम्ही योजिले आहे. त्यास निमित्त आहे एक साधी वस्तू; ती म्हणजे अंगणात, परसात व गोठ्याभोवती वापरावयाची हातगाडी.

हातगाडीसारख्या वस्तूवर नीतीचा निबंध तो काय लिहावयाचा, असे कित्येक वाचक म्हणतील. ती घ्यावयाची असेल तर बाजारात जावे, भाव करावा, आणि घेऊन यावी. ह्यात धर्माधर्माचा प्रश्न येतो कोठे? तो येतो तो असा. कोणत्याही खेड्यातील घराच्या आवारात एका दिवसात किती ओझी हलतात हे मोजून पाहावे. गोठ्यातले शेण उकिरड्यावर जाते. उकिरड्यावरचे खत वाफ्यात जाते. झाडलेला पालापाचोळा खड्ड्यात जातो. कडबा, सरपण, पाणी, माती, विटा, राख, सर्व काही एका ठिकाणाहून उचलून दुसऱ्या ठिकाणी न्यावे लागते. बहुतेक घरांत हे सर्व एका पाटीत अथवा घमेल्यात भरून डोक्यावरून नेले जाते. ते डोके प्रायः घरातील बाईचे, सुनेचे, वाढत्या मुलीचे, किंवा रोजंदारीने बोलावलेल्या मजुरणीचे असते. आणि गाडी घ्यावी की न घ्यावी, घेतल्यास कोणती घ्यावी, हे ठरविणारा मात्र प्रायः दुसराच कोणी असतो. एकाने ठरवावयाचे व दुसऱ्याने सोसावयाचे अशी वाटणी जेथे आहे, तेथे नीतीचा प्रश्न आपोआप उभा राहतो.

प्रथम ह्या यंत्राचे मर्म काय आहे ते पाहू. यंत्र म्हटले तरी ते फार जुने आहे. चीन देशात इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील कबरींच्या शिल्पांत एकचाकी हातगाडी कोरलेली आढळते. तेथील जुन्या पद्धतीच्या गाडीत मोठे चाक मधोमध असे व ओझे त्याच्या दोन्ही बाजूंस बांधीत. त्यामुळे जवळजवळ सर्व भार चाकावर पडे, आणि चालविणारा केवळ तोल सांभाळून ती पुढे ढकली. युरोपात हीच वस्तू तेराव्या शतकापासून चित्रांत दिसू लागते. परंतु तेथे चाक पुढच्या टोकास आले, ओझे मध्ये आले व माणूस मागे आला. आपल्याकडे इमारतीच्या कामावर जी एकचाकी गाडी दिसते ती ह्या दुसऱ्या प्रकारची. तिच्यात भाराचा काही भाग चाक घेते व काही भाग माणसाचे हात घेतात.

किती घेतात, ह्याचा हिशेब शाळेतील मुलासही करता येईल. समजा, हौद्यात साठ किलो खत आहे. त्या ओझ्याचा मध्य चाकाच्या आसापासून चाळीस सेंटीमीटर दूर आहे, आणि धरावयाच्या मुठी आसापासून एकशेवीस सेंटीमीटर दूर आहेत. चाळीस ही एकशेवीसची तिजाई होय. म्हणून हातांवर साठ किलोंची तिजाई, म्हणजे वीस किलो भार येतो. (गाडीच्या स्वतःच्या वजनाचा भाग ह्यात धरलेला नाही.) उरलेले चाळीस किलो चाक जमिनीवर घालते. तेच खत वीस वीस किलोंच्या पाट्यांनी न्यावयाचे तर तीन खेपा कराव्या लागतात. आणि प्रत्येक खेपेस वीसचे वीस किलो मानेच्या मणक्यांवर पडतात. ओझे नाहीसे करणारी विद्या जगात कोणासही साध्य झालेली नाही. चाक इतकेच करते की, मानेवर पडणारा भार ते भूमीवर टाकते, आणि भूमीस त्याचे काही वाटत नाही.

आता एक जुना आक्षेप विचारात घेतला पाहिजे. कित्येक वडीलधारी माणसे म्हणतात, “आमच्या आयांनी पाट्या वाहिल्या, आज्यांनी वाहिल्या, त्या धडधाकट होत्या. गाडी आली म्हणजे अंगात आळस शिरतो. श्रम हेच माणसाचे भूषण आहे.” ह्यातील शेवटचे वाक्य आम्हांस सर्वथैव मान्य आहे. श्रमाची लाज वाटणे हे मोठे दुर्भाग्य होय, आणि घाम गाळून मिळविलेल्या भाकरीसारखी दुसरी भाकर नाही. परंतु श्रम व क्लेश हे दोन शब्द एकाच अर्थाचे नव्हेत. ज्या कष्टाने काम पुढे सरकते तो श्रम. ज्याने काम तसूभरही अधिक होत नाही, केवळ शरीर झिजते, तो क्लेश. वाफा खणणे हा श्रम आहे. वाफ्यापर्यंत खत नेण्यास चाक उपलब्ध असता ते मानेवरून न्यावयास लावणे, ह्यात क्लेशाचा भाग अधिक आहे. आणि ज्या आज्या धडधाकट होत्या त्यांचीच आठवण आपणांस राहिली आहे. ज्यांची मान चाळिशीतच ताठली, ज्यांस गरोदरपणात सातव्या महिन्यापर्यंत डोक्यावरची चुंबळ सुटली नाही, त्यांची गणती कोणी ठेविली नाही. श्रमाचे भूषण गाणारा मनुष्य स्वतः ते भूषण किती वेळ डोक्यावर धरतो, हेही एकदा पाहावे.

ह्या संबंधात आपल्या देशाच्या कायद्यातील एक गोष्ट विचार करण्यासारखी आहे. ओढकामाच्या व भारवाहू जनावरांवर क्रूरता होऊ नये म्हणून केंद्र सरकारने १९६५ साली नियम केले. त्यांत असे ठरविले आहे की, जनावराकडून दिवसात एकंदर नऊ तासांहून अधिक काम घेऊ नये. विश्रांती न देता सलग पाच तासांहून अधिक घेऊ नये. आणि जेथे उष्णता ३७ अंशांच्या वर जाते तेथे दुपारी बारा ते तीन ह्या वेळात घेऊ नये. एवढेच नव्हे, तर किती ओझे ओढावयास लावावे हे ठरविताना त्या नियमांनी चाकाचाही विचार केला आहे. लहान बैलाच्या दुचाकी गाडीस हवेचे टायर नसतील तर पाचशे किलो, आणि असतील तर साडेसातशे किलो अशी मर्यादा आहे. म्हणजे चाक चांगले असेल तर जनावरास त्याच त्रासात दीडपट काम करता येते, ही गोष्ट कायदा करणारांनी ओळखली. बैलाविषयी इतका विचार झाला ह्याचा आम्हांस आनंद आहे. परंतु ज्या घरी बैल दुपारी सावलीत बांधलेला असतो, त्याच घरी त्याच वेळी डोक्यावर पाटी घेऊन उकिरड्याकडे चाललेली सून आम्ही पुष्कळ ठिकाणी पाहतो. तिच्या पाटीचे वजन कोणी केलेले नाही. बैलाच्या वाट्यास आलेला विचार तिच्याही वाट्यास यावा, ही मागणी काही फार मोठी नव्हे.

१९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रातील लक्षावधी स्त्रीपुरुष खडी फोडण्याच्या व माती वाहण्याच्या कामावर गेले. त्या कामांनी त्यांचे प्राण वाचविले. आणि पुढे १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला, तोही त्याच अनुभवातून झाला. पाझर तलावांच्या व रस्त्यांच्या त्या कामांवर माती हलविण्याचे मुख्य साधन घमेले व बाईचे डोके हेच होते. पोटासाठी केलेल्या त्या कामाची निंदा करण्याचा आमचा हेतू नाही. आम्ही इतकेच म्हणतो की, दुष्काळातील निरुपायाने जे करावे लागले, तेच सुकाळातही घराच्या आवारात चालू ठेवावे ह्यास आधार नाही.

गाडी घ्यावी असे एकदा ठरले म्हणजे कोणती घ्यावी हा प्रश्न येतो. ह्या ठिकाणी थोडा व्यवहाराचा विचार केला पाहिजे. कारण अज्ञानाने केलेली खरेदी दुसऱ्याच्या पाठीवर पडते.

दुकानात गाडी पाहताना रंगावर जाऊ नये. प्रथम हौद्याचा पत्रा पाहावा. पत्र्याची जाडी गेजच्या आकड्याने सांगतात, आणि तो आकडा जितका लहान तितका पत्रा जाड असतो; सोळा गेजचा पत्रा सुमारे दीड मिलिमीटरहून किंचित अधिक जाड असतो, तर वीस गेजचा एक मिलिमीटरही भरत नाही. अंगठ्याने दाबला असता जो पत्रा आत जातो, त्यात दगड टाकणे व्यर्थ होय. हौद्याची कड गोल वळवून घेतलेली असावी, म्हणजे ती मुडपत नाही व हातही कापत नाही. त्यानंतर सांगाडा पाहावा. दोन्ही दांडे व पुढचा भाग एकाच अखंड नळीचा वळवून केलेला असेल तर उत्तम. तुकडे जोडलेले असतील तर वेल्डिंग सर्व बाजूंनी भरलेले आहे की केवळ दोन ठिपके दिले आहेत, हे गाडी उलटी करून पाहावे. गाडी प्रायः जोडापाशी मोडते. पाय रुंद असावेत व त्यांस आडवी पट्टी असावी, म्हणजे भरताना गाडी कलंडत नाही.

मग चाक पाहावे. कारण गाडीचा जीव चाकात असतो. हवेचा टायर खडबडीत वाटेवर धक्के खातो व मऊ जमिनीत कमी रुततो. परंतु जेथे बाभळी आहेत तेथे काटा ठरलेलाच. अशा ठिकाणी भरीव रबरी चाक घेणे शहाणपणाचे होय. ते किंचित जड चालते, पण पंक्चर होऊन कोपऱ्यात पडून राहत नाही. चाक जितके मोठे तितके ते खड्ड्यातून व दगडावरून सहज निघते. म्हणून एवढेसे चाक लावलेली गाडी दुकानाच्या फरशीवर कितीही सुरेख पळाली, तरी शेणखताच्या वाटेवर ती अडते. आसावर चाक बेअरिंगवर फिरते की नुसत्या नळीत घासते हे विचारावे, आणि वंगण घालण्यास जागा आहे की नाही तेही पाहावे.

एक चाक की दोन, हा वाद निष्कारण आहे. वाट पाहून त्याचा निर्णय करावा. बांधावरून, बोळातून, वाफ्यांच्या मधून जावयाचे असेल तर एकचाकीस तोड नाही. तिला हातभर वाट पुरते, पण तोल सांभाळावा लागतो. अंगण सपाट व मोकळे असेल तर दुचाकी बरी. तिच्यात ओझे आसाच्या जवळजवळ वरच येते, हातांवर भार थोडा पडतो, व म्हातारे माणूसही ती चालवू शकते.

ह्या सर्वांपेक्षा महत्त्वाची गोष्ट ही की, गाडी ज्याने ढकलावयाची त्याने ती विकत घेण्यापूर्वी धरून पाहिली पाहिजे. मुठी धरल्या असता हात सरळ खाली लोंबावेत, कंबर वाकू नये, आणि गाडीचे पाय जमिनीपासून सुटावेत. उंच पुरुषाच्या बेताची गाडी ठेंगण्या बाईस कोपर वाकवून उचलावी लागते, व संध्याकाळी तिचे खांदे भरून येतात. परंतु किती घरधनी बाजारास जाताना, जी बाई गाडी ओढणार तिला बरोबर नेतात? पायताण घेताना पायाचे माप घेतात. गाडी घेताना हाताचे माप का घेऊ नये?

आता किमतीविषयी. समजा, एक गाडी दोन हजार रुपयांस मिळते व दोन पावसाळ्यांत तिचा हौदा गंजून गळतो. दुसरी पाच हजारांस मिळते व दहा वर्षे टिकते. पहिलीचा खर्च वर्षास हजार रुपये झाला, दुसरीचा पाचशे. हा हिशेब सर्वांस कळतो, तरीही पुष्कळ लोक पहिली घेतात. त्याची कारणे दोन आहेत, आणि ती निरनिराळी आहेत म्हणून त्यांचा न्यायही निरनिराळा केला पाहिजे. पहिले कारण असे की, हातात पाच हजार रुपये नसतात. ह्यात दोष काही नाही. गरिबास महाग वस्तू स्वस्तात पडते हे ठाऊक असूनही ती घेता येत नाही, ही दारिद्र्याची जाचक गोष्ट आहे. त्यास उपदेश करणे निर्दयपणाचे होय. त्याने गाडीसाठी सावकाराच्या दारी जावे असे आम्ही कधीही सांगणार नाही. त्यास दुसरे उपाय आहेत, ते पुढे सांगू.

दुसरे कारण असे की, पैसे असतात, पण ओढणारा मी नव्हे अशी मनात खात्री असते. चाक करकरले तर मजुरणीच्या हातांस कळेल. मूठ निघाली तर सुनेचा तळहात सोलेल. गाडी मोडली तर पाटी आहेच. ह्या मनुष्याने तीन हजार रुपये वाचविले असे त्यास वाटते. वस्तुतः ते वाचले नाहीत. ते दुसऱ्या कोणाकडून तरी थोडेथोडे, दररोज, पाठीच्या व मानेच्या दुखण्याच्या रूपाने वसूल झाले, आणि त्याची पावती कोणी दिली नाही. “ज्याचे त्याला आणि गाढव ओझ्याला” अशी म्हण आपल्याकडे आहे. स्वस्त वस्तूची उरलेली किंमत कोण देतो, हा प्रश्न प्रत्येक खरेदीच्या वेळी मनास विचारावा. उत्तर ‘मी’ असे आले तर आपल्या खुशीने काय ते करावे. पण उत्तर दुसऱ्याचे नाव घेऊन आले, तर ती काटकसर नव्हे.

चांगली गाडी घेतली एवढ्याने काम संपत नाही. टिकाऊपणा हा अर्धा लोहाराच्या हातचा व अर्धा वापरणाराच्या हातचा असतो. ओझे भरताना जड माल चाकाकडे सारावा, म्हणजे हात हलके राहतात. हौदा मोठा आहे म्हणून तो काठोकाठ भरू नये. ऐंशी लिटरांच्या हौद्यात वाळलेला पाला सहज नेता येतो, परंतु तोच हौदा ओल्या वाळूने भरला तर सुमारे दीडशे किलो होते. उंबरा किंवा पायरी आली तर गाडी पुढे रेटू नये. वळवून मागे ओढीत न्यावी, म्हणजे चाक अडत नाही. उतारावर गाडी आपल्या पुढे धावू देऊ नये. काम झाल्यावर हौदा धुवावा, विशेषतः शेण व गोमूत्र वाहिले असेल तर; कारण त्यांतील क्षारांनी लोखंड लवकर खाल्ले जाते. नंतर गाडी भिंतीशी उभी करून ठेवावी, म्हणजे पाणी साचत नाही व डासही होत नाहीत. पावसाळ्यापूर्वी गंज खरवडून लाल रोगणाचा हात द्यावा, दांडे लाकडी असतील तर त्यांस जवसाचे तेल चोळावे, आणि आसास वंगण घालावे. ह्यास वर्षातून अर्धा दिवस लागतो. जो मनुष्य आपली अवजारे उघड्यावर टाकतो, तो ती बनविणाऱ्या कारागिराच्या श्रमाचा अनादर करतो, असे आमचे मत आहे.

परंतु सुखसोय आली की तिच्या पाठोपाठ एक मोह येतो, त्याविषयी येथेच सावध केले पाहिजे. पाटीने दहा खेपा होत असत. गाडीने तेच काम चार खेपांत झाले. उरलेला वेळ कोणाचा? पुष्कळ ठिकाणी असे घडते की, गाडी आली म्हणून त्याच बाईस शेजारच्या शेताचे खतही वाहावयास सांगतात. पूर्वी ती दुपारी थकत असे, आता संध्याकाळी थकते, एवढाच फरक. मग गाडीने तिचे ओझे हलके केले असे म्हणता येणार नाही. तिच्याकडून अधिक काम काढण्याची सोय झाली इतकेच. वाचलेल्या वेळेचा वाटा काम करणाराच्या पदरात पडला, तिला घटकाभर टेकावयास मिळाले, मुलीला शाळेस वेळेवर जाता आले, तरच ती खरेदी सफळ झाली.

ह्याहूनही कठीण प्रश्न रोजंदारीच्या माणसाचा आहे, आणि तो टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. ज्या कामास दोन मजुरणी लागत, त्यास गाडी आल्यावर एक पुरते. दुसरीची मान वाचली खरी, पण तिची चूलही विझली. असे असता गाडी ही दया की निर्दयता? ह्या प्रश्नास सर्व गावांस लागू पडेल असे एकच उत्तर नाही. तरी काही गोष्टी आम्ही निश्चयाने सांगू शकतो. मनुष्याच्या मानेस झिजवीत ठेवणे हा त्याला भाकर देण्याचा योग्य मार्ग नव्हे. तसे असते तर चाकच मोडून टाकावे लागेल, आणि मग नांगरही. तसेच, गाडीपासून झालेला सर्व लाभ मालकाने घ्यावा व सर्व तोटा मजुराने सोसावा हाही न्याय नव्हे. ज्याच्या आवारात काम आहे त्याने दोघींस ठेवून दिवस लहान करावा. किंवा जी कामे वर्षानुवर्षे पडून आहेत, जसे खताचा खड्डा बांधणे, पडका बांध घालणे, झाडांस आळी करणे, ती दुसरीकडून करून घ्यावी. आणि मजुरी पाट्यांच्या मोजणीवर देत असेल तर गाडी येताच दर कापू नये. महाराष्ट्रात १९६९ साली माथाडी व हमाल कामगारांसाठी कायदा झाला. माथाडी हा शब्दच माथ्यावरून आला आहे. माथ्यावर ओझे वाहणाराच्या मजुरीची व कल्याणाची काही तरी व्यवस्था असली पाहिजे, हे तत्त्व त्या कायद्याने मान्य केले. घराच्या अंगणापर्यंत कायदा पोहोचत नाही. तेथे घरधन्याची सद्बुद्धीच पोहोचली पाहिजे.

ज्यांस एकट्याने चांगली गाडी घेणे शक्य नाही, त्यांच्यासाठी वर सांगितलेले उपाय असे. चार घरांनी मिळून एक चांगली गाडी घ्यावी. प्रत्येकाच्या वाट्यास वाईट गाडीहूनही थोडी रक्कम येते. किंवा जुन्या गाडीचे चाक व आस घेऊन गावच्या लोहार-सुतारांकडून सांगाडा करवून घ्यावा. तो दिसण्यात ओबडधोबड असला तरी मोडल्यावर गावातच दुरुस्त होतो, आणि पैसाही गावातच राहतो. परंतु सामाईक वस्तूचे काय होते हे आपण सर्व जाणतो. जी सर्वांची ती कोणाचीच नव्हे, असा अनुभव विहिरींचा, धर्मशाळांचा व शाळांच्या आवारांचा आहे. यास्तव आरंभीच चार नियम ठरवावेत. गाडी कोणाच्या पडवीत राहावयाची ते एक घर नेमावे. ज्याने नेली त्याने धुऊन आणावी. ज्याच्या हातून मोडली त्याने सांगावे, लपवू नये; आणि दुरुस्तीचा खर्च, निष्काळजीपणा नसेल तर, सर्वांनी वाटून घ्यावा. कारण मोडल्याचा दंड एकट्यावर पडू लागला की गरीब मनुष्य गाडी मागावयास भिऊ लागतो, व पुन्हा पाटी उचलतो. शेवटचा नियम असा की, ज्या घरी आजारी, म्हातारे किंवा गरोदर बाई आहे, त्या घरची पाळी आधी. मंडळीच्या वा शाळेच्या आवारासाठी गाडी असेल तर तिलाही हेच नियम लावावेत. तेथील पुढाऱ्यांनी महिन्यातून एखादे वेळी तरी ती स्वतः ढकलावी, म्हणजे चाक करकरते की नाही हे त्यांस ऐकून नव्हे तर हाताने कळेल.

आता शेवटची गोष्ट, आणि ती आमच्या मते सर्वांत गंभीर. गाडी चांगली असली तरी ती काय करू शकत नाही हेही ओळखले पाहिजे. आपल्याच प्रांतातील इतिहास ह्याची साक्ष देतो. मैला डोक्यावरून वाहावयास लावण्याची अमंगळ चाल आपल्या शहरांत व कसब्यांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली होती, आणि ते ओझे कोणत्या जातींच्या डोक्यावर होते हे सांगावयास नको. १९४९ साली मुंबई सरकारने सफाई कामगारांच्या स्थितीची चौकशी करण्यास बर्वे ह्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पुढे १९५७ साली केंद्र सरकारने मलकानी ह्यांची समिती नेमली व तिचा अहवाल १९६० साली आला. मैला डोक्यावरून वाहणे बंद व्हावे व त्यासाठी हातगाड्या द्याव्यात, असा आग्रह ह्या प्रयत्नांत धरला गेला. सरकारने त्यासाठी नगरपालिकांस पैसेही दिले. डोक्यावरून गळणारी टोपली जाऊन तिच्या जागी चाकावरची गाडी येणे ही लहान गोष्ट नव्हती. ज्यांच्या डोक्यावर ती टोपली होती त्यांस तिचे मोल विचारावे.

तथापि गाडी आल्यावरही ढकलणारे हात तेच राहिले. ओझे माथ्यावरून चाकावर आले, पण ते अमुकच जातीच्या माणसाने का वाहावे, हा प्रश्न चाकाला विचारता येत नव्हता. म्हणून १९९३ साली, आणि पुन्हा २०१३ साली, ती प्रथाच बंद करणारे कायदे करावे लागले. आणि कायदे होऊनही ते काम करताना माणसे मेल्याच्या वार्ता अद्याप येतात. ह्यावरून जो बोध होतो तो आपल्या लहानशा अंगणासही लागू आहे. कोणाचे ओझे हलके करणे हे चांगले काम आहे आणि ते आजच करावे. परंतु ते हलके केल्याचे समाधान मानून, ते ओझे मुळात त्याच्याच वाट्यास का आले, हे विचारावयाचे सोडू नये. सुनेस गाडी आणून दिली म्हणजे शेण काढणे हे कायमचे सुनेचेच काम झाले असे नव्हे. गाडीच्या मुठी पुरुषाच्या हातांतही मावतात.

वाचकहो, पावसाळ्यापूर्वी खत वाहण्याचे दिवस येतात. त्या वेळी प्रत्येक घरधन्याने एक दिवस आपल्या आवारात उभे राहून, काही न बोलता, कोण काय उचलतो एवढे पाहावे. जमल्यास एक भरलेली पाटी काट्यावर घालून तिचे वजन करावे, आणि मग चुंबळ ठेवून ती आपल्या डोक्यावर घेऊन उकिरड्यापासून वाफ्यापर्यंत एक खेप करावी. त्यानंतर बाजारास जावे. कोणती गाडी घ्यावी, पत्रा किती जाड असावा, चाक कसले असावे, ह्याविषयी आम्ही वर जे लिहिले आहे त्यापैकी पुष्कळसे तो त्या एका खेपेत आपोआप शिकलेला असेल. आणि जाताना बरोबर कोणास न्यावे हेही त्याच्या ध्यानात आलेले असेल.